खड्ड्यात पडणारे मराठेकाका

मराठेकाका रोज दुपारी चहा झाला की एकाच खड्ड्यात पडतात. खड्डा खडकीच्या रस्त्यावरचा नाही. रस्त्यावरचे खड्डे ते बरोबर चुकवतात. हा त्यांच्या मुलाच्या जुन्या, हातात मावणाऱ्या व्हिडिओ गेममधला. करड्या पडद्यावर एक टोपीवाला बुटका पळतो, कासवांवर उड्या मारतो, नाणी वेचतो. मागे फिरायची सोय नाही, पुढेच जायचं. रुंद खड्डा आला की लांबून धावत येऊन उडी टाकायची. काका काठावर थांबतात, जागच्या जागी उडी मारतात आणि पडतात.

मी वाशिमकडची, नववीत शाळा सुटलेली. काकूंना अर्धांगवायू झाल्यापासून त्यांच्या सेवेला इथेच राहते. काका रोज न चुकता विचारतात, "अगं, तू जेवलीस का?" एवढं कोण विचारतं? म्हणूनच काही चुकून ही जागा जाईल या धास्तीनं मी दिवसभर थकलेली असते.

"बघत काय उभी राहतेस? तिकीट काढलंयस का?" हेही काकाच.

काकू पाणी, औषध, दुखणं सगळं मानेनं सांगतात. काका पडले की मात्र तोंड उघडतं. "आधी... धावा." दिवसभरात तेवढेच शब्द.

एकदा काकू झोपलेल्या असताना काकांनी तो खड्डा आरामात ओलांडलेला मी पाहिला. माझी चाहूल लागली तशी मान वर न करता म्हणाले, "हे तिच्या कानावर जाता कामा नये. मी पडलो नाही तर ती बोलेल कशाला?"

परवा काका दात काढायला गेले आणि अडकले. फोन आला, "आज तू पड. शहाणपणा करू नकोस."

मी गेम घेऊन काकूंशेजारी बसले. हाताला घाम सुटलेला, धावायच्या बटणावरचं बोट काही सुटेना, आणि बुटका थेट खड्ड्यापलीकडे. आता परत येऊन पडताही येईना.

काकू पडद्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याकडे. ओठ बराच वेळ हलत होते.

"यांना... सांगू नको. वाईट... वाटेल."

काका गालात कापूस धरून आले. "पडलीस?"

"पडले."

"बोलली?"

"बोलल्या."

"काय म्हणाली?"

मी काकूंकडे पाहिलं. "नेहमीचंच," म्हटलं.

काका हुश्श करून पलंगावर टेकले. काकूंनी चांगला हात उचलला आणि त्यांच्या सुजलेल्या गालावर ठेवला.