शेंदूर लावलेली पायरी

गंज वरून चढतो, पण त्याची चौकशी नेहमी खालून सुरू होते. त्यामुळे मुळशीच्या धरणाच्या कामावरली मालमोटार गंजली, तेव्हा हापिसानं प्रथम कोंडाजी क्लीनरला धरलं. हुकूम स्वच्छ होता: 'साहेबांच्या तपासणीस लोखंडी सामानावर गंज दिसता कामा नये.' (असता कामा नये, असं कुठंही म्हटलेलं नव्हतं. हापिस दयाळू होतं.) दिसल्यास क्लीनरनं घरी जावं. कोंडाजीचं घर आणि शेत धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तेव्हा घरी म्हणजे नेमकं कुठं, एवढंच काय ते हुकुमात लिहायचं राहिलं होतं.

गंजाचं शास्त्र कोंडाजीला ठाऊक होतं. आधी विटेनं घासून लोखंड उघडं करायचं, घासलेट फिरवायचं, मग जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर. चढायच्या पायरीला त्यानं वीट लावली, तोच मुकादम जयसिंग ओरडला, "घासत काय बसलायस? साहेब पौडापत्तुर आलं! वरनंच फास शेंदूर!"

फासला. साहेब आले नाहीत (रिवाजाप्रमाणे). दगडाची पाटी घेऊन म्हातारी तुकाबाई मात्र आली. शेंदूर दिसताच तिनं पाटी उतरवून हात जोडले. दुसऱ्या दिवशी कोंडाजी वीट घेऊन येतो, तर पायरीपुढं नारळ फुटलेला.

"आजे, ही मोटारीची पायरी हाय. खाली गंज हाय."

"मुडद्या, शेंदराखाली काय हाय ते इचारायचं नस्तं! देवाला खरवडतोस व्हय?"

हापिसाचा हुकूमही नेमका हेच म्हणत होता, तेव्हा कोंडाजीनं वीट खाली ठेवली. दर शनिवारी एक, असे शेंदराचे सतरा हात बसले. पायरी दुप्पट जाड झाली. त्यात लोखंड किती, हे मोजायची तरतूद नव्हती. ड्रायव्हर पलीकडून चढू लागला.

अखेर साहेब आले. लखलखीत पायरी पाहून खूश झाले आणि बुटासकट चढले. मग बुटासकट खाली आले.

कोंडाजीनं गाठोडं बांधलं. पण चौकशीचा निकाल असा: 'गंज कोठेही दिसला नाही. सबब पायरी उत्तम स्थितीत असतानाच मोडली.' नोकरी वाचली. तुकाबाईच्या मते देवानं बूट खपवून घेतला नाही. मोडका तुकडा पारावर बसवला गेला.

त्या तुकड्यापुढं झालेल्या पहिल्याच कीर्तनात बुवांनी टाळ थांबवून विचारलं, "बाबांनो, वरचा शेंदूर राहू द्या. आत किती गंजलंय, कुणी घासून बघितलं का?"

प्रश्न इतका रसाळ होता की सगळ्यांनी माना डोलावल्या. कोंडाजीनं जयसिंगाकडं पाहिलं, जयसिंगानं तुकाबाईकडं, तुकाबाईनं आपल्या सुनेकडं.

तुम्हाला आत्ता कोण आठवलं, ते आम्ही विचारत नाही.