नूतनीकरणक्षम नसलेल्या मावशी

कोणत्याही रासायनिक क्रियेला सुरुवातीला ऊर्जा लागते आणि कोणत्याही ऊर्जेला सुरुवातीला अर्ज लागतो. पूर्वीचे रसायनशास्त्रज्ञ चंचुपात्र सरळ बर्नरवर ठेवून मोकळे होत. या रानटीपणाला आळा घालण्यासाठी संस्थेने हरित समिती नेमली. समितीने पर्यायी ऊर्जेचे तीन प्रकार मान्य केले: सूक्ष्मलहरी, श्रवणातीत ध्वनी आणि दिव्याचा प्रकाश. (सूर्याचा प्रकाश विचाराधीन आहे, त्याचा अधिकृत पुरवठादार अजून सापडलेला नाही.)

संशोधिकेचं पीएचडीचं सहावं वर्ष चालू होतं. शेवटच्या मुदतवाढीचे चार महिने उरले होते आणि समितीच्या दाखल्याशिवाय प्रबंध कोणी हातात धरत नसे. तिची क्रिया मात्र तिन्ही प्रकारांना दाद देईना. एका दुपारी वैतागून तिने दोन्ही पांढऱ्या भुकट्या खलात ओतल्या आणि घोटत बसली. हात भरून आला तेव्हा काचसामान धुणाऱ्या मावशींनी बत्ता घेतला. वीस मिनिटांत भुकटी पिवळीधमक. ना द्रावक, ना धूर, ना वीज, आणि पदार्थ हाती आला चौऱ्याण्णव टक्के. पोरगी आनंदाने चक्क रडली. मावशींनी तिला चहा पाजला, स्वतःही घेतला.

अर्जात ‘यंत्र व मॉडेल’ या रकान्यात तिने प्रामाणिकपणे ‘मावशी’ असं लिहिलं. समिती पाहणीला आली. (सदस्य चार, गाड्या चार, एका गाडीत बसवल्यास मतभेद होतात.) घोटण्याआधी आणि नंतर मावशींचं वजन झालं. दोन कप चहाची इंधन म्हणून नोंद झाली. साखर दीड चमचा, हे मावशींनी आपणहून सांगितलं. आठवड्याने निर्णय आला: क्रिया उत्कृष्ट आहे, तथापि सदर मावशी दोन वर्षांनी निवृत्त होत असल्याने हा स्रोत नूतनीकरणक्षम नाही. सबब अर्ज नामंजूर.

संशोधिका तडक अध्यक्षांकडे गेली. “सर, पण हाताला वीज लागतच नाही.”

“तीच तर अडचण आहे,” अध्यक्ष मायेने म्हणाले. “लागलीच नाही, तर वाचवली किती हे दाखवायचं कसं?”

तिने नवा अर्ज भरला, यंत्रासाठी. मग पोटात पोलादी गोळ्या घेऊन गरागरा फिरणारं घोटणयंत्र आलं. ते तापतं म्हणून शीतक आला, शीतकामुळे खोली तापते म्हणून एसी आला, एसीसाठी खिडक्या बंद झाल्या आणि अंधार झाला म्हणून दिवे लागले. जेवणाच्या सुट्टीत दिवे बंद ठेवून अकरा टक्के वीज वाचवण्यात आली. पदार्थ एक्क्याण्णव टक्के मिळाला, दाखला मिळाला, मुदतीच्या दोन दिवस आधी प्रबंधही गेला. मावशींकडे यंत्र पुसण्याचं काम आलं.

आता संशोधिका स्वतः समितीवर आहे. परवा कोणीतरी पदार्थ खिडकीतल्या उन्हात वाळवल्याचं लिहिलं, तर तिने अतिशय आपुलकीने उन्हाचं मॉडेल विचारलं.

तिला नावं ठेवायला हरकत नाही. फक्त त्याआधी, लसणाच्या चार पाकळ्या आपण शेवटच्या कशात वाटल्या, आणि मग ते भांडं, झाकण, पातं, रबर धुवायला किती वेळ गेला, एवढं आठवून ठेवावं. समितीत एक जागा रिकामी आहे.