उन्हाला मान देणारे दामूअण्णा

आमचे शेजारी दामूअण्णा राऊत एप्रिल लागला की खिशात कांदा घेऊन हिंडत. बाजारात, लग्नात, एवढंच काय, कुणाला पोचवायला स्मशानात जातानाही. कोटाचा डावा खिसा फुगलेला आणि टोपीखाली ओल्या पंच्याची घडी. आमची ही आतूनच सांगायची, "अण्णा आले वाटतं." तिला वासावरून कळायचं.

तेव्हाची बोरीवली म्हणजे निम्म्या वाड्या आणि निम्मं गाव. स्टेशनाकडून येणारा आमचा रस्ता उन्हात तापून पांढराफटक पडे, आणि त्यावर पहिली ओटी अण्णांची. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही, पोस्टातली नोकरी संपलेली. बारा वाजले की हा गृहस्थ ओटीवर येऊन बसे आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला अडवी.

"कुठं निघालात डोकं भाजून घ्यायला? या वर!"

"अण्णा, घाई आहे हो."

"अहो, ऊन म्हणजे जावई! मान द्यावा, अंगावर घेऊ नये. बसा."

मग कैरीचं पन्हं, त्यात मीठ हटकून जास्त. पेला रिकामा झाल्याशिवाय सुटका नाही. विमा एजंट दिसला की आम्ही सगळे पळायचो. अण्णांपासून विमा एजंटच पळायचा.

एका वैशाखात आमच्या आळीतल्या वसंताचं लग्न होतं. मुहूर्त भर दुपारचा. नवरदेव छत्रीखाली, आम्ही वऱ्हाडी झाडांच्या कडेकडेनं, आणि पुढे बँडवाले. त्यांच्या अंगात लाल बनातीचे जाड लोकरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेली. अण्णांच्या घराशी आलो तर हे हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभे!

वसंताचे वडील भडकले. "अण्णा, बाजूला व्हा! मुहूर्त टळेल!"

"टळू दे. तुमचा तो क्लॅरिनेटवाला बघा आधी."

आम्ही हसलो. क्लॅरिनेटवाला पास्कू, गोराईचा वयस्कर माणूस, मघापासून एकटाच भलतंच गाणं वाजवत होता. आम्हाला वाटलं, घेतली असेल थोडी. पण अण्णा धावत पुढे झाले, आणि पास्कू त्यांच्या अंगावरच कोसळला.

एकच गलका झाला. कुणी म्हणालं, सरबत पाजा. कुणी म्हणालं, अण्णा, तुमचा कांदा हुंगवा ना!

"कांदा गेला खड्ड्यात!" अण्णा ओरडले. "त्याला शुद्ध नाही, घशात काही ओतू नका. आधी कोट काढा. पाणी आणा, पाणी!"

आम्ही पास्कूला उचलून अण्णांच्या ओटीवर निजवलं. अंग नुसतं फणफणत होतं. विहिरीवरून बादल्या आल्या. अण्णांनी ओले पंचे त्याच्या मानेवर, काखेत ठेवले, धोतरं भिजवून अंगावर पसरली. मी सुपानं वारा घालत होतो. मी जरा थांबलो की अण्णा डोळे वटारत. एकाला त्यांनी टांगा घेऊन डॉक्टरांकडे पिटाळलं.

वरात क्लॅरिनेटशिवाय पुढे गेली. मुहूर्त गाठला म्हणतात. माझ्या मात्र लग्नाच्या अक्षता टाकायच्या राहिल्या.

डॉक्टर पोचेपर्यंत पास्कूनं डोळे उघडले होते. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, "जिवावरचं टळलं. वेळेवर भिजवलंत म्हणून." मग त्यांच्या परवानगीनं घोट घोट पन्हं सुरू झालं. पास्कूनं तोंड वाकडं केलं. "मीठ लई झालं, अण्णा." अण्णा एवढे खूश मी कधी पाहिले नव्हते.

दोघांच्या गप्पा रंगल्या. मासे, पोस्ट, पास्कूची नातवंडं. अण्णा भरभरून बोलत होते. शेवटी त्याचे सोबती त्याला न्यायला आले. तो सावकाश उठला. मीही चपला शोधू लागलो.

"एवढ्यात कुठं?" अण्णा घाईनं म्हणाले. "अजून ऊन आहे बाहेर."

मी रस्त्याकडे पाहिलं. दिवेलागण झाली होती. समोरच्या घरी तुळशीपाशी पणती ठेवून कुणी आत गेलं. पास्कू अण्णांच्या तोंडाकडे बघत क्षणभर थांबला. मग सोबत्यांना म्हणाला, "बसा रे जरा. कडक आहे ऊन."

मीही चपला सोडल्या आणि बसलो. अण्णा पन्हं आणायला आत गेले.