पाण्याचा फोन निर्लेखित करण्याबाबत

धरणाच्या काठच्या त्या गावात खंडेनवमीला ग्रामपंचायतीच्या मोबाईलची रीतसर पूजा झाली. फोनला हळदकुंकू वाहिलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. सरपंच गुरुसिद्धप्पांनी डोळे मिटून भक्तिभावानं नारळ आपटला, तो शेजारच्या दगडाऐवजी फोनवरच. नारळ शाबूत राहिला.

फोन साधा नव्हता. गावच्या पाण्याची मोटर त्याच्यावर चालायची. त्या नंबरवरून घंटी गेली की मोटर सुरू. दुसऱ्या कुठल्याही नंबरला ती जुमानत नसे. त्यामुळं दसऱ्याच्या सकाळी नळांतून नुसती हवा आली. तिकडं धरण काठोकाठ भरून सांडव्यावरून वाहत होतं.

महानंदाअक्का पंचायतीच्या सदस्य. आवाज इतका हळू, की शेजारच्यालाही पुढं वाकून ऐकावं लागे. अंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय अन्नाला शिवायचं नाही, हा त्यांचा बावीस वर्षांचा नेम. भरून ठेवलेल्या दोन हंड्यांवर त्यांनी दसरा निभावला आणि दुसऱ्या दिवशी त्या पंचायतीच्या बैठकीला गेल्या. विषय एकच होता: फोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा.

“अवो सरपंच, मोटरीच्या पेटीवर हिरवं बटण हाय न्हवं?” अक्का म्हणाल्या. “तेवढं दाबलं तर?”

सरपंचांनी कागद उलटसुलट करून पाहिला. “अक्का, बटण विषयपत्रिकेवर न्हाय.”

पाणी सोडणारा रामकिसन तर दुखावलाच. पूर्वी तो रोज चालत जाऊन तेच बटण दाबायचा. फोन आल्यापासून त्याचं पद ‘जलदूरनियंत्रक’ झालं होतं आणि तशी पाटी त्यानं घरावर लावली होती. “आता मला बटण दाबाया लावता व्हय? उद्या म्हणाल, दवंडी पिट!”

लोहाऱ्याहून मोबाईल दुरुस्त करणारे कल्याणप्पा आले. फोन हातात घेऊन म्हणाले, “नुसती काच गेलीया. तासाभराचं काम.”

या वाक्यानं घात केला. नियमानुसार दुरुस्त होण्याजोगी वस्तू निर्लेखित करता, म्हणजे दप्तरातून बाद करता येत नाही, आणि जुनी निर्लेखित झाल्याखेरीज नवी घेता येत नाही. मग दुरुस्तच करू, असं ठरतंय तोवर ग्रामसेवक शंभुलिंग यांनी पुढचं पान उलटलं. पाच वर्षांवरची वस्तू दुरुस्त करता येत नव्हती. फोन पाच वर्षं अकरा दिवसांचा होता.

“खंडेनवमी यंदा उशिरा आली,” शंभुलिंग खेदानं म्हणाले.

“मग सिम काढून दुसऱ्या फोनात घाला की!” कल्याणप्पा म्हणाले.

“सिम पंचनाम्यात हाय.”

फोन पाकिटात घालून लाखेनं मोहोरबंद झाला. नारळ पाकिटात मावेना, म्हणून तो प्रसाद म्हणून वाटला आणि एक पुरावा नष्ट झाल्याची नोंद झाली. पुढचं मार्गदर्शन वरच्या कार्यालयाकडून मागवण्यात आलं.

मार्गदर्शन येईपर्यंत गाव स्वस्थ बसलं नाही. गावात दोन तट पडले, दुरुस्तीवाले आणि नवेवाले. पारावर दिवसभर चर्चा झडू लागल्या. बायका धरणावरून डोक्यावर पाणी आणायच्या, त्यांना वाटेत अडवून विचारलं जाई, “वहिनी, तुमी कुणाच्या बाजूच्या? दुरुस्तीच्या का नव्याच्या?”

अक्कांचे गुडघे धरणाचा चढ चढत नव्हते, आणि दुसरीच्या डोक्यावरचं पाणी मागायला जीभ रेटत नव्हती. होतं तेवढं पाणी पुरवून पुरवून वापरलं. सहाव्या दिवशी हंड्याचा तळ कोरडा झाला. अंघोळ नाही, पूजा नाही, म्हणून जेवण नाही. सातवा दिवसही तसाच गेला. आठव्या दिवशी पहाट फुटताच अक्का काठी टेकत गावालगतच्या मोटरीपाशी गेल्या. पेटीला कुलूप नव्हतं, सुतळी होती. ती सोडली, महादेवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं.

तासाभरात नळ आले. हंडे, घागरी, टिपाडं, जनावरांचे हौद, सगळं भरलं. सरपंचांच्या घरी तर गाडीसुद्धा धुतली गेली. अक्कांनी अंघोळ केली, पूजा केली आणि अर्धी भाकरी खाल्ली.

दुपारी तातडीची ग्रामसभा बसली. विषय: अनधिकृत पाणी.

“अक्का, पाणी आलं ते बरंच झालं,” सरपंच कळवळून म्हणाले. “पण असं कुणीबी उठून बटण दाबाया लागलं, तर फोनचा निर्णय व्हायचा कवा?”

हा मुद्दा दोन्ही तटांना एकदम पटला. आठ दिवसांत गावाचं पहिल्यांदाच एकमत झालं. पेटीला कुलूप लावायचं. किल्ली रामकिसनकडं राहील, आणि फोनचा निकाल लागेपर्यंत त्यानं ती काढायची नाही. अक्कांना नोटीस द्यायची. खुलासा ग्रामपंचायतीच्या अधिकृत मोबाईलवरच स्वीकारला जाईल.

“ठरावाच्या बाजूनं हात वर करा.”

हात वर झाले. काही हात अजून ओले होते.

अक्कांनी नोटीस कपाळाला लावून घेतली आणि घरी जाऊन हंड्यात पाणी किती दिवसांचं आहे ते पाहिलं. सभेत त्या पुढच्या रांगेत बसल्या होत्या. मागं कोणी कोणी हात वर केला, ते त्यांनी मान वळवून पाहिलं नाही.

म्हणून तर या गोष्टीत तुमचं नाव आलेलं नाही.