ढमालेकाकांची हँडलं

खोली बघायला गेलो तेव्हा ढमालेकाकांनी मला नोकरी विचारली नाही, लग्न झालंय का तेही विचारलं नाही. वरपासून खालपर्यंत एकदा बघून म्हणाले, "वजन किती तुमचं?"

ब्याण्णव किलो, असं मी जरा ओशाळून सांगितलं. "लई झ्याक," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात दिली.

कारण दुसऱ्या दिवशी कळलं. भुकूममधल्या त्या घरात जिथं तिथं हँडलं आहेत. जिन्यात, मोरीत, ओट्याशेजारी, अगदी तुळशीजवळसुद्धा. नवं हँडल बसवलं की कुणीतरी त्याला लोंबकळून बघायचं असतं. काका स्वतः काडीपैलवान, म्हणून ते खातं माझ्याकडे आलं. जन्मभर पिरंगुटला एका कारखान्यात फिटर होते. अजूनही कुणाकडे गेले की आधी खुर्ची हलवून बघतात, मग बसतात.

त्यांच्या अंगणात शिडाची एक जुनी बोट येऊन पडली, तेव्हा मात्र गल्लीनं त्यांना वेड्यात काढलं. पुण्यातल्या एका हौशी माणसानं ती काढून टाकली होती. शिडाची बोट हाकायला काका त्याच्याकडेच आधी दोन हिवाळे शिकले होते. काकूंना चार वर्षांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. आता घरात हळूहळू चालत, पण उंबरठा ओलांडायचं नाव काढत नसत. त्यांचं माहेर मुळशी धरणाच्या पाण्यापलीकडचं, लहानपणी होडीतूनच ये-जा. थंडी संपायच्या आत त्यांना त्या पाण्यावर न्यायचं, असं काकांनी ठरवून टाकलं होतं. काकूंना कुणी विचारलं नव्हतं.

बोटीचा डेक, म्हणजे वरचा पृष्ठभाग, साबणासारखा निसरडा. काकांनी सागवानी हँडलं स्वतः तासली. मी म्हटलं, स्क्रू मारा आणि मोकळे व्हा. त्यांनी माझी कीव केली. "स्क्रू उपटतोय. बोल्ट आरपार पायजे, खालनं पोलादी पट्टी." भोकातून पाणी मुरून आतलं लाकूड कुजतं, म्हणून प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, रेझिननं भरायचं आणि ते वाळलं की त्यातच पुन्हा बारीक पाडायचं. सहा हँडलांना तीन आठवडे लागले. मग मी डेकवर पाय रोवून एकेक ओढलं. एकही हललं नाही.

मोठ्या मिनतवारीनं काकूंना बाहेर आणलं. स्टुलावरून आम्ही दोघांनी त्यांना बोटीत चढवलं. त्यांनी डावा हात पुढे केला आणि तो हवेतच राहिला. सगळी हँडलं उजव्या हाताला होती. काकांनी माप मिलिमीटरपर्यंत अचूक घेतलं होतं, पण स्वतःच्या अंगावर. काकू उतरून आत गेल्या.

डावीकडे दोन वाढवा, मी सुचवलं. काकांनी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सहाही खोलून ते भोकं बुजवत बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मोरीतली गुळगुळीत फरशी मीच बसवली व्हती. हौसेनं. तिला झटका आला तितंच, आन मी कारखान्यात पाळीला. दोन तास पडून व्हती. हाताला लागंल असं कायबी न्हवतं."

वाळलेलं रेझिन घासायला मी पॉलिश पेपर घेतला.

मग काकांनी स्वतःचा उजवा हात टॉवेलनं कमरेला बांधला आणि दिवसभर बोटीत चढ-उतर सुरू केली. डावा हात जिथं पडेल तिथं खडूची खूण. दोनदा अंगणात आपटले. कुंपणापाशी ही गर्दी. तिसऱ्यांदा आपटले तेव्हा दारातून आवाज आला, "तितं न्हाई, जरा खाली."

काकू भिंत धरून एकट्या अंगणात आल्या होत्या. त्यांनी काकांच्या हातातला खडू घेतला आणि सहा खुणा स्वतः केल्या.

त्या खुणांवर हँडलं बसली तोवर थंडीचे शेवटचे दिवस आले होते. टेम्पोतून बोट मुळशीला नेली. लाइफ जॅकेट घालून काकू चढल्या, बसल्या, डाव्या हातानं हँडल धरलं. काकांनी त्यांचा दंड सोडला नव्हता.

"सोडा आता," काकू म्हणाल्या.

"पडशील."

"पडले तर पडले. सोडा."

काकांनी सोडला. मी बोट ढकलली. पाणी लागलं तशी काकूंनी पलीकडच्या काठाकडे मान वळवली. काका समोर बसून त्यांच्या मुठीकडेच बघत राहिले, डोळे भरलेले. शीड गुंडाळलेलंच होतं आणि बोट आपली वाऱ्यानं भलतीकडेच चालली होती. शीड उघडा म्हणून मी काठावरून हाक मारणार, इतक्यात काकूंनी माझ्याकडे बघितलं आणि नको म्हणून मान हलवली.