तीनच्या शोला पंधरा माणसं

दर गुरुवारी दुपारी दोनच्या ठोक्याला आमच्या गल्लीत माणसांची धरपकड होते. ही धरपकड पोलीस करत नाहीत, जानराव मापारी करतात. हातात बाराही महिने छत्री, अंगात भर मे महिन्यातसुद्धा स्वेटर (कारण अजून कुणालाच कळलेलं नाही) आणि तोंडात एकच आरोळी : "चाला, तीनचा शो! तीनचा शो, चाला!" दाराआड कुणी लपला तर छत्रीच्या मुठीत मान अडकवून त्याला बाहेर काढलं जातं. एकदा वानखडे मास्तर न्हाणीघरात लपले. जानराव बाहेर खुर्ची टाकून बसले. मास्तरांनी आत दोन आंघोळी उरकल्या आणि तिसऱ्या बादलीला शरण आले.

मी सांगतो त्यात खोटं काही नसतं. थोडं वाढवून सांगतो, तेही गिऱ्हाईक पाहून. टीव्ही विकणाऱ्या माणसाला एवढी सवय लागायचीच.

होय, मी टीव्ही विकतो. उमरखेडात बसस्टँडच्या मागे माझं दुकान आहे. गेल्या काही वर्षांत मी या गावाच्या भिंतीभिंतीवर दरवाजाएवढाले टीव्ही टांगले. लोक आता पलंगावर आडवे होऊन, पोटावर खिचडीचं ताट ठेवून, मधेच थांबवून, मागे नेऊन, पुढे पळवून पिक्चर पाहतात. माझं एक गिऱ्हाईक तर हिरोचं लग्न लागलं की तिथंच टीव्ही बंद करतं. म्हणतं, "पुढं काय होते ते मले घरचंच माहीत हाय."

याचा परिणाम व्हायचा तोच झाला. गावातली एकुलती एक टाकीज ओस पडली. तिथले मॅनेजर बब्बूभाई. तिकीट तेच फाडतात, दार तेच लावतात, मग जिना चढून मशीनही तेच चालवतात. एका शोला तर तिकीट फाडणारे, दार लावणारे, मशीन चालवणारे आणि पिक्चर पाहणारे असे चौघंही बब्बूभाईच होते. त्यानंतर त्यांनी खिडकीवर पाटी लावली : 'पंधरा माणसं झाली तरच शो होईल.'

गावानं पाटी वाचली आणि घरी जाऊन टीव्ही लावला. जानरावांनी मात्र ती पाटी आपल्याच नावानं निघालेली नोटीस असावी तशी वाचली.

जानराव जन्मभर बाजार समितीत मापारी होते. आमच्याकडे मापारी धान्य मोजताना 'एक' म्हणत नाही. पहिल्या मापाला 'लाभ' म्हणायचं, मग दोन, तीन. जानरावांनी इथं 'लाभ' म्हटलं की महागावच्या बाजारात व्यापारी दचकून भाव वाढवायचे, असा त्यांचा आवाज. नोकरीतून ते निवृत्त झाले, आवाज झाला नाही. उलट गेल्या तीन वर्षांत तो वाढीला लागला. ते घरात चहा मागतात तेव्हा गल्लीत सात चुलींवर आधण चढतं. आणि हल्ली प्रत्येक गोष्ट दोनदा सांगायची खोड. "मीठ कमी हाय. कमी हाय मीठ." आमच्या घरातल्या भाजीत मीठ किती हे आम्हाला ठाऊक नसतं, पण जानरावांच्या भाजीचं बुलेटिन रोज मिळतं.

त्याच सुमारास त्यांनी मिशा काढल्या. या मिशा म्हणजे तालुक्याची मालमत्ता होती. दोन्ही टोकांवर एकेक लिंबू उभं राहायचं. एका भल्या सकाळी पाहतो तर मैदान साफ! गल्लीत चर्चा पेटली. कुणी म्हणे नवस फेडला, कुणी म्हणे पैज हरला. मी सरळ विचारलं, "काका, मिशा काहून काढल्या?"

"गरम होत होतं बे."

डिसेंबर होता. आणि अंगात स्वेटर होता.

त्यांची बायको इंदूकाकू अगदी उलट. शांत, हसतमुख, ओट्यावर बसून शेंगा फोडत असणार. जानराव बोलायला लागले की हातातली शेंग तशीच ठेवून त्यांच्या तोंडाकडे टक लावून बघणार. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवऱ्याचा शब्द न शब्द असा टिपून घेणारी बायको मी दुसरी पाहिली नाही. माझ्या बायकोला मी हे उदाहरण म्हणून सांगितलं होतं. ती नुसती हसली होती.

तर मुद्दा पंधरा माणसांचा. जानराव ती कुठून कुठून आणतात! एकदा महागावची बस स्टँडवरच बंद पडली. दुसरी गाडी यायला दोन तास होते. जानरावांनी अख्खी बस टाकीजमध्ये उतरवली, कंडक्टरसकट. इंटरव्हल संपला तरी लोक चहाच्या टपरीवर रेंगाळत होते, तेव्हा कंडक्टरनं सवयीनं "चला, बसा बसा, गाडी सुटली!" अशी हाक दिली आणि सगळे आपापल्या जागेवर पळाले. दुसऱ्यांदा एका वरातीचा बँडवाला गट चहा प्यायला थांबला होता, त्यांना आत नेलं. पिक्चरमधल्या लग्नात त्यांनी साथ धरली. त्या वेळी घोडं मोजायचं की नाही यावर बब्बूभाईंशी अर्धा तास वाद झाला. घोडं तेरावं होतं, असं जानराव अजून म्हणतात.

गंमत अशी, की एवढा आटापिटा करून पाहिलेल्या पिक्चरची गोष्ट त्यांना कधीच सांगता येत नाही.

"काका, कसा होता पिक्चर?"

"एक नंबर. आवाज असा भरला, असा भरला का खांब हालले."

"हिरो कोण होता?"

"होता एक."

मागच्या दिवाळीत ते काकूंना घेऊन माझ्या दुकानात आले. मला वाटलं, किल्ला पडला! मी सगळ्यात मोठा टीव्ही लावला. रंग दाखवले, मोराचं पीस दाखवलं, समुद्रातला मासा दाखवला. जानराव म्हणाले, "ते मासे राहू दे. आवाज वाढव." वाढवला. "अजून." वाढवला. शेजारचा मेडिकलवाला कानात कापूस घालून बाहेर आला, तोही स्वतःच्याच दुकानातला. पडद्यावर विनोदी प्रसंग चालू होता. मी हसलो, मेडिकलवाला हसला. काकूंनी आमच्या तोंडांकडे पाहिलं आणि मग त्याही हसल्या.

जानरावांनी छत्री उचलली. "नाही जमत पक्या. तुह्या डब्याचा आवाज पोचत नाही."

मेडिकलवाल्याच्या कपाटातल्या बाटल्या अजून थरथरत होत्या, आणि हा माणूस म्हणतो पोचत नाही! मी तो अपमान सहा महिने मनात ठेवला. त्यांनीही मला गुरुवारच्या धरपकडीतून कायमचं वगळलं. "तू त टाकीजचा दुश्मन," म्हणाले.

यंदा उन्हाळ्यात एक दाट लग्नतिथी नेमकी गुरुवारी आली. अर्धं गाव जेवायला बाहेर. पावणेतीनला जानराव माझ्या दुकानाच्या पायरीशी येऊन उभे राहिले. आरोळी नाही. छत्री मिटलेली. मी पहिल्यांदाच त्यांचा साधा, माणसासारखा आवाज ऐकला, आणि खरं सांगतो, घाबरलो.

"पक्या, एक मानूस कमी पडून राह्यला."

"मग पुढच्या गुरुवारी पाहा ना काका."

"पुढचा गुरुवार नाही. बब्बूभाई म्हणते, आज नाही झाला त गुरुवारचा शो बंदच करतो. फक्त शनिवार-रविवार रात्रीचा ठेवतो. रात्री इंदूले दिसत नाही बरोबर, रस्त्यानं पडते ती."

"पण मी तर टाकीजचा दुश्मन."

"दुश्मन चालते. मानूस पाह्यजे."

समोर एक गिऱ्हाईक टीव्हीच्या खोक्यावर हात ठेवून उभं होतं. मी त्यालाच म्हणालो, "दादा, तुम्ही चला ना." तो म्हणाला, "मी कायले जाऊ? त्याच्यासाठीच त टीव्ही घेऊन राह्यलो." माझंच वाक्य! हेच मी वीस वर्षं लोकांना शिकवलं होतं. मी त्याला संध्याकाळी यायला सांगितलं आणि शटर ओढलं.

टाकीजच्या दारात बब्बूभाई घड्याळ पाहत उभे. मला बघून म्हणाले, "या अल्ला! शेर खुद पिंजरे में?" जानरावांनी रांगेतून छत्री फिरवली. सुरुवात इंदूकाकूंपासून. "लाभ... दोन... तीन..." असं करत छत्रीचं टोक माझ्या छातीवर टेकलं. "पंधरा! पंधरा भरले, चालव मशीन!"

आत तीच खुर्च्यांची करकर, वर पंख्याच्या पात्यावर बसून चक्कर मारणारं कबूतर. मी जानराव-काकूंच्या मागच्या रांगेत बसलो. दिवे गेले आणि आवाज आला. आवाज कसला, भिंतच अंगावर आली! माझ्या दाढेत भरलेलं सिमेंट हललं. खुर्चीच्या लोखंडातून तो पाठीत शिरत होता. बब्बूभाईंनी पडदा बदलला नाही, खुर्च्या बदलल्या नाहीत, पण भोंगे काय जपलेत त्यांनी!

पंधरा-वीस मिनिटांनी पडद्यावर एक सासरा जावयाला काहीतरी बोलला. पडणं नाही, धडपडणं नाही, नुसतं एक वाक्य. आणि आम्हा सगळ्यांच्या आधी, खणखणीत, इंदूकाकू हसल्या. इतकी वर्षं शेजारी राहून मी त्यांचं असं हसणं ऐकलंच नव्हतं. त्यांनी जानरावांना कोपरानं ढोसलं.

"आयकलं काय? जावई खाऊन जाते अन् डबा भरूनही नेते, म्हणे! डबा भरून!"

दोनदा सांगितलं. अगदी जानरावांसारखं.

मला दुकान आठवलं. आमची तोंडं बघून, मागून हसलेल्या काकू आठवल्या. मग एकेक करून सगळंच आठवायला लागलं : तो मोठा आवाज, ते दोनदा सांगणं, ते तोंडाकडे टक लावून बघणं. आणि मिशा! ओठांवर लिंबाएवढं झाकण असलं तर बायकोनं शब्द वाचायचे कुठून?

इंटरव्हलला मी जानरावांना टपरीमागे गाठलं. काही विचारायच्या आधीच त्यांनी माझं तोंड वाचलं.

"तीन साल झाले. हळूहळू गेलं. मशीन आनलती कानाची, त्याच्यात तिले भांड्याचाच आवाज येते, मानसाचा येत नाही. मशीन तांदळाच्या डब्यात ठुली तिनं. इथं मात्र सगळं ऐकू येते. अक्षर न अक्षर." त्यांनी चहाचा घोट घेतला. "घरी मी सांगतो अन् ती आयकते. इथं ती सांगते, मी आयकतो. कोनाले बोलू नको पक्या. गल्लीतल्या बाया बहिरी म्हनतीन. तिले नाही खपणार."

मी शपथ घेतली. संध्याकाळी घरी आलो, बायकोला काही बोलायचं नाही म्हणून दात आवळून बसलो. तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं.

"कळलं वाटते तुम्हाले इंदूकाकूचं."

"तुला माहीत आहे?"

"गल्लीतल्या समद्या बायांले माहीत हाय. तिच्यासमोर आम्ही तोंड वळवून बोलतो काय कधी? अन् जमलं त्या गुरुवारी तिकडं जातो, ते काय तुमच्या जानरावाच्या छत्रीले भिऊन?"

"मग मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही वाढवून सांगता."

इंदूकाकूंनाही हे सगळं ठाऊक होतं. गुपित राखलं जातंय असं फक्त एकाच माणसाला वाटत होतं, आणि त्याचा आवाज गल्लीत सगळ्यात मोठा होता. हे लिहू का म्हणून मी काकूंना विचारलं, समोर उभं राहून, सावकाश. त्या म्हणाल्या, "लिही. पण वय लिहू नको." जानरावांचं भय नाही. पोत्यावरचा शिक्का आणि टाकीजची पाटी यांखेरीज ते काही वाचत नाहीत.

आता माझ्या दुकानावर पाटी आहे : 'गुरुवारी दुपारी बंद.' टीव्ही मी अजून विकतो, जोरात विकतो. पण प्रत्येक खोक्यासोबत गिऱ्हाइकाला सांगतो, दादा, गुरुवारी तीनला टाकीजला यायचं, ते या टीव्हीच्या गॅरंटीत लिहिलेलं आहे. वानखडे मास्तर हल्ली न्हाणीघरात लपत नाहीत. दोन वाजताच धुतलेला सदरा घालून ओट्यावर येऊन बसतात आणि धरपकड झाली नाही तर रुसतात.

आणि मी त्या दोघांच्या मागच्या रांगेत बसतो. पडद्यावर कुणी काही मजेदार बोललं की सगळ्यांच्या आधी काकू हसतात, मग सगळी टाकीज हसते. जानरावांचं हसू मात्र आमच्या नंतर, एकटंच, सावकाश येतं. त्यांना उशीर होणारच. त्यांचं तोंड पडद्याकडे नसतंच.