चिनी मुळी आणि सरदार रेडा

चौलात माझ्याइतकं वाचणारा दुसरा माणूस नाही. हे मी नाही म्हणत, पोस्टमन म्हणतो! म्हणून तर मुरुडच्या सिराजुद्दीनने ती मुळी थेट माझ्याकडे आणली. हा बोटीवरचा खलाशी, नुकताच हाँगकाँगहून परतलेला. मुळीला दोन हात, दोन पाय, वर डोकं. वाळलेला माणूसच!

"जिनसेंग!" मी ओरडलो.

"तेच भाऊ. चिनी म्हातारे ह्याचा काढा पितात नि डोंगर चढतात. खुदाशप्पथ, ह्या डोळ्यांनी बघितलंय!"

"पण त्यात असतं तरी काय?"

"ते अल्लाला ठावं!"

मला चैन पडेना. परदेशातले रसायनशास्त्री या मुळीतून सत्त्वं वेगळी काढताहेत, असं मी एका मासिकात वाचलं होतं. थकवा घालवणारं सत्त्व कोणतं? रक्त खेळवणारं कोणतं? की सगळा नुसता विश्वासाचा खेळ? विद्वानांचं एकमत नव्हतं. ते चौलात व्हायचं होतं!

प्रयोगाला आमचा सरदार घरातच होता. सरदार म्हणजे आमच्या वाडीतला रहाट ओढणारा रेडा. पोफळींना पाणी मिळे ते त्याच्या जिवावर. पण आता तो म्हातारा झाला होता. चार फेरे मारी आणि काहीतरी विसरल्यासारखा मध्येच उभा राही. थोरले बंधू अंबाजीदादा म्हणाले, "होली झाली का इकून टाकू त्याला." म्हातारा रेडा विकला की पुढे त्याचं काय होतं, ते सांगायला नको. माझ्या बायकोने, राहीने, त्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. सरदारला रेडकू असल्यापासून तिनेच वाढवलं होतं.

"दादा, होळीपर्यंत त्याला पळवून दाखवतो!" मी छाती पुढे काढून म्हणालो.

"तू? आधी तुला कोन पलवील?"

मी सरळ मुळी राहीच्या हातात दिली. "रोज एक पातळ काप उकळायचा आणि काढा सरदारच्या आंबोणात घालायचा."

"अहो, माणसासारखी दिसते ही! त्याला काही झालं तर?"

"अगं, शास्त्र आहे हे! काही होत नाही."

राही गप्प बसली. ती गप्प बसली की पटलं, असं मी धरून चालतो.

निरीक्षण मी झोपाळ्यावरून करत असे. त्या दिवसांत चहा कडू लागायचा, पण बायको बिचारी रेड्याच्या काळजीत, तिला कुठे बोलायचं! चहा घेऊन आडवा झालो की थेट पानावर बसायलाच उठत असे.

होळीच्या दुसऱ्या दिवशी दादांनी सरदारला रहाटाला जुंपलं. "बघू तुजं शास्तर," म्हणाले आणि हाकारा दिला.

सरदार निघाला. आधी चालला, मग दुडक्या चालीने, मग चक्क पळाला! रहाट करकरू लागला, पाणी धो धो पडू लागलं. "अरं थांब! थांब!" करत दादा त्याच्यामागे गोल गोल धावत होते. पाट फुटला आणि पाणी कुंपणापलीकडे शेजारच्या भागोजीच्या अंगणात शिरलं. तिथे त्याच्या सुपाऱ्या वाळत होत्या. त्या तरंगत रस्त्याला लागल्या!

भागोजी काठी घेऊन आला. "कोन हाय रं तो? माज्या सुपाऱ्या..." एवढ्यात त्याने पळणारा सरदार पाहिला. काठी खाली आली. "भाऊ, ह्याला काय दिलंस? माजा गुडघा लय दुखतो रं."

तासाभरात अंगण भरलं. गावातल्या आवडाबाईंना कंबरेसाठी ते औषध हवं होतं, कुणाला सासऱ्यासाठी. मी ओट्यावर उभा राहून सत्त्वांविषयी बोललो. अंबाजीदादा धापा टाकत म्हणाले, "रेडा ऱ्हाईल!" दारात उभी असलेली राही रडायलाच लागली.

"राही, उरलेली मुळी आण!"

"संपली."

"सरदारने सगळी खाल्ली?"

"त्याला कशाला देऊ?" पदराने डोळे पुसत ती म्हणाली. "मुकं जनावर ते! परक्या मुलखातलं औषध, त्याला काही बाधलं असतं म्हणजे? म्हटलं, आधी तुम्हांला देऊन बघू. रोज चहात घालत होते. सरदारला आपले कुळीथ शिजवून घातले, गूळ घातला, पाय तेलाने चोळले."

सगळे माझ्याकडे बघत होते. राहीने डोळे मोठे करून अगदी मनापासून विचारलं, "मी वाटच बघत होते. तुम्हांला काही गुण वाटला का हो?"

मी जांभई आवरायला गेलो. ती आवरली नाही.

अंबाजीदादांनी एकदा सरदारकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"मग आता," ते म्हणाले, "इकायचा कोनाला?"